उलटी बाजू

कापड आधी उलटून बघायचं, ही माझी जुनी खोड.
गिऱ्हाईक बाही दाखवत असतं
आणि मी अस्तर वर करते.

हॅलिफॅक्सच्या उतारावर माझं दुकान.
पाटीवर 'अल्टरेशन्स', खाली आडनाव, काळसेकर,
त्यातला ळ पाटीवाल्याने एलमध्ये बुडवला
त्याला एकोणीस वर्षं झाली.
आता माणसं दाराशी येण्याआधी फोनमध्ये शोधतात,
आणि फोनमध्ये मी नाही.
समोरच्या मिसेस सटक्लिफ म्हणाल्या,
"लव्ह, लोकांना वाटतं तू बंद केलंस."

मग लीड्सहून कॅलम आला,
जानेवारीत, बिनमोज्यांचा.
त्याच्या पडद्यावर एक बाई हसत होती, गळ्यात टेप.
"ही कोण?"
"कोणी नाही. फोटो विकत मिळतो."
मी म्हटलं, आतली बाजू दाखव.
तो म्हणाला, आत कोण बघतं?
महिना एकोणऐंशी पौंड, नाव त्याच्या खात्यावर,
सोडलंत तर सगळं त्याच्याकडे राहणार.
म्हणजे मी आखूड केलेल्या पँटी
जन्मभर माझ्याच कपाटात!

स्लाउच्या भाच्याने, ओजसने, फुकट करतो म्हटलं,
"मावशी, शनिवारी बसतो."
कुठला शनिवार, हे मी विचारणं सोडलं.
राग नाही. नात्यातल्या ब्लाउजांचा ढीग
माझ्याही टेबलाखाली दिवाळ्या काढतो.

बेथन अॅक्रॉइड आली ती जॅकेटची चेन घेऊन.
कोटाचा खिसा तिने स्वतःच शिवलेला,
काळ्यावर निळा दोरा,
पण टाका मागे घेऊन घातलेला, ओढला तरी उसवेना.
मी चेन बघेपर्यंत ती दारावरच्या चिठ्ठ्या वाचत बसली,
मी वर्षानुवर्षं चिकटवलेल्या, एकीवर एक:
पडद्यांना आठ दिवस.
लेदर घेत नाही, तरी आणता.
बेल वाजत नसेल तर काच वाजवा, मशीन चालू असेल.
नवरीच्या आईने मापाला येऊ नये.
हसली. "तुमची साइट अर्धी झालीच आहे," म्हणाली,
"फक्त काचेवर आहे."

तेव्हा कळलं की हीच तिची रोजीरोटी.
आतली बाजू? विचारलं.
तिने टाचण्या बाजूला सारून लॅपटॉप उघडला.
मला त्यातलं ओ की ठो कळलं नाही.
पण ओळी एकाखाली एक, कडेला माया सोडलेली,
पुढे कुणाला सैल करायचं झालं तर जागा असावी तशी.
आणि मधेच एक करडी ओळ, वेगळीच.
"ही काय?"
ती लाल झाली.
"माझ्यासाठीच लिहिलीय. छोट्या फोनवर इथे ओढ बसते, पुन्हा बघ."

खडूची खूण.
खांदा मनासारखा पडला नाही
की मी करते ती, गिऱ्हाइकाला न दिसणारी.

नऊशे म्हणाली. मी सातशे म्हटलं.
ती नऊशेच म्हणाली, आणि चेनचे वेगळे देते.
बरं वाटलं मला.
जो स्वतःच्या कापडात काटकसर करतो
तो माझ्याही कापडात करणार.
नाव माझ्या खात्यावर, पासवर्ड कागदावर,
कागद बटणांच्या डब्यात, शिंपल्याच्या बटणांखाली.

निघताना तिने आडनाव लिहून मागितलं.
मी तिच्या वहीत दोन्ही लिप्यांत लिहिलं.
ळपाशी ती थांबली, बोटाने गिरवला,
दोन वाटोळी, बटणाच्या काजासारखी.
"हे अक्षर बसेल का?" मी विचारलं.
"बसवून बघू," ती म्हणाली,
अगदी माझंच वाक्य, माझ्याच सुरात.

मी म्हटलं, चेन शुक्रवारी देते.
तीही म्हणाली, पहिलं पान शुक्रवारी.
दोघींनाही ठाऊक होतं
की सोमवार उजाडणार.