सुपारी

मीटरबॉक्समध्ये सापडली तेव्हा सुपारीएवढी होती,
म्हणून सुपारी.
आता सतरा वर्षांची.
सोसायटीच्या पावतीपुस्तकात तिचं नाव नाही,
पण नेरूळच्या या सिडको बिल्डिंगमध्ये
जिन्यात भेटणारा आधी तिचं विचारतो,
मग माझ्या गुडघ्याचं.

वाडग्यातलं पाणी ती पीत नाही.
मोरीतली बादली लागते, काठोकाठ.
आधी पंजाने एक चापट,
पाणी जागं आहे ना बघायला,
मग जीभ.

बुधवारी दिवाळ्याहून चांगुणाबाई येते.
तिची पाटी अजून दुसऱ्या मजल्यावर असते
तेव्हाच ही दारात, शेपटी उभी,
कॅलेंडर वाचून आल्यासारखी.
बोंबील चालतो. मांदेली चालते, डोकं काढून.
बांगडा पुढे केला तर बांगड्याकडे नाही,
माझ्याकडे बघते:
महिनाअखेर आहे का?

सेक्रेटरी कुरियनसाहेबांनी दोनदा नोटीस लावली,
जिन्यात प्राणी बसवू नयेत.
आम्ही बसवत नाही. ती बसते.
पहिल्या नोटिशीच्या बरोबर खाली बसली,
दुसरीचा कोपरा खाल्ला.
हल्ली दुपारी ती त्यांच्याच पायपुसण्यावर झोपते
आणि साहेब चपला हातात घेऊन
स्वतःच्या घरात चोरासारखे शिरतात.

दिगंबरच्या भावाला ती ओळखत नाही.
सतरा वर्षं ओळखत नाही.
तो आला की त्याच्या बुटावर बसते,
निघेपर्यंत.

डॉक्टरांनी किडनीची गोळी दिली, रोज अर्धी.
लोण्यात दिली, मलईत दिली,
डोळे मिटून गिळायची, शहाण्या मुलीसारखी.
मी फोनवर केतकीला कौतुक सांगायचे.
दसऱ्याला सोफा सरकवला
तर भिंतीलगत अकरा अर्ध्या गोळ्या,
चाटूनपुसून लख्ख.
ती दारात उभी राहून बघत होती,
ही कोणाची म्हणून.

आणि कुकर.
पहिल्या शिट्टीला कान नाही हलवायची,
दुसरीला एक डोळा,
तिसरीला मात्र उठून थेट गॅलरीत,
झाडलोट करणाऱ्यांसमोरून उठून जावं तशी, न धावता.
मी शिट्ट्या कधी मोजल्याच नाहीत,
ती उठली की गॅस बंद करायचा.
परवा डाळ लागली.
मी ओट्याशी आले, ती तिथेच, फ्रिजजवळ,
पाय पोटाखाली घेऊन,
आणि कुकर तिच्या डोक्यावर
पाचवी का सहावी शिट्टी देत होता.
मी टाळी वाजवली.
मग ताट वाजवलं.
मग तिच्यासमोर बसले, तेव्हा तिने मान वर केली
आणि नेहमीसारखी जांभई दिली, पूर्ण,
उरलेले सगळे दात दाखवून.

दिगंबर म्हणाला, बरं झालं,
दिवाळीत आता पलंगाखाली जाणार नाही.
मग बराच वेळ पेपरचं एकच पान धरून बसला.

तिची जागा कपाटावर आहे.
पूर्वी खिडकीतून एका उडीत जायची.
आता आम्ही खाली शिलाई मशीन सरकवलंय,
त्यावर केतकीची जुनी बॅग,
बॅगेवर चकलीचा डबा, झाकण दोरीने बांधून.
यातलं काही तिच्यासाठी ठेवलेलं नाही.
ते तिथेच असतं, असं आमचं ठरलंय.
कोणी बघत असेल तर ती चढत नाही.
मशीनपाशी बसून राहते,
पंजा चाटते, विषय बदलते.

म्हणून रात्री साडेनऊच्या सुमाराला
आम्ही दोघं टीव्हीकडे तोंड करतो.
जाहिराती लागल्या तरी मान वळवत नाही.
पाठीमागे मशीनचं लाकूड करकरतं.
थांबतं.
बॅगेच्या कापडात नखं अडकतात, सुटतात.
थांबतं. या थांबण्यात
दिगंबर रिमोट उगाच घट्ट धरतो.
मग डबा वाजतो, एकदाच,
आणि कपाटावरून थोडी धूळ
माझ्या खांद्यावर पडते.

तेव्हा आम्ही वळून वर बघतो,
अगं, तू कधी गेलीस?