हालचाल नाही

रेठरेकर काकूंची पितळी तोटी चोरीला गेली.
बोअर आटल्यापासून कोरडीच होती,
पण अमावास्येला त्यांनी ती चिंचेनं घासली
आणि एकादशीला बघतात तर पाइपाला नुसतं तोंड.
मधल्या अकरा रात्री कॅमेऱ्याच्या पोटात.

लोकमान्य नगरात कॉम्प्युटरचं समजणारा
आणि सकाळी घरी सापडणारा मी एकटा.
आधी पोहे आले, वर जीरावन,
मग ती डबी, निनादनं हैदराबादला परतताना
घाईघाईत बसवून दिलेली.

दोनशे चौसष्ट तास, काकू.
बघत बसलो तर पुढची एकादशी इथेच.
म्हणून एक प्रोग्रॅम लावला.
तो काही फार शहाणा नाही.
एक चित्र घेतो, त्यातून पुढचं वजा करतो.
बाकी शून्य, टाकून द्या.
बाकी उरली, ठेवा, कुणीतरी हललं.
"आणि हातच्याचं काय करतो?"
चिमणबागेकडच्या शाळेत चौतीस वर्षं गणित.
हातचा नसतो त्याला, म्हटलं.
"मग चुकेल," म्हणाल्या आणि चहा टाकायला गेल्या.

पहिल्या फेरीत सगळंच हललं.
भिंगावरचा कोळी, हत्तीएवढा,
रात्रभर अंगणावर पाय टाकत फिरला.
केसरबाग रोडवरून वळलेल्या गाडीचा उजेड
भिंतीवर चढला, उतरला.
दोरीवर विसरलेला एक परकर
तीनशे वेळा चोर ठरला.

ह्या प्रोग्रॅमलाही उंबरठा असतो,
त्याहून बारीक काही आत येत नाही.
तो वाढवला. कोळी गेला, परकर गेला.
आणखी वाढवला, मांजर गेली,
पेपरवाल्या पोराची नुसती सायकल उरली.
थोडा मागे आणला.
राहिली एक्केचाळीस मिनिटं:
निगमची कचरागाडी अकरा वेळा,
दूधवाला, चेंडू शोधणारा तांबवेकरांचा नातू,
एक गाय, फाटकाशी, ओळखीची असल्यासारखी.
चोर नाही.

चोर सापडला तो असा, की सापडला नाही.
पंचमीची रात्र, दोन सतरा: तोटी आहे,
अंधारात दातासारखी पांढरी.
दोन एकतीस: नाही.
मधे लाइट गेली होती.
आल्यावर कॅमेऱ्यानं नवी फाईल उघडली,
आणि नव्या फाईलला वजा करायला मागचं काही नसतं.
तिच्या लेखी पाइप असाच होता, जन्मापासून.

वाटलं काकू चिडतील.
त्या दुसरंच बघत होत्या.
चार वाजून सहा: दार, शाल, त्या स्वतः,
पायरीवर बसतात. नऊ सेकंद.
लगेच पुढचा तुकडा: उठतात, आत जातात. पाच सेकंद.
घड्याळ पाच अठ्ठेचाळीस.
"मधलं कुठंय?"
हललाच नाहीत तुम्ही.
"रोज?"
रोज. अकराच्या अकरा दिवस.

मूळ फाईल काढून दिली.
बसलेल्या काकूंना काकू बघत बसल्या. मीही.
काही होत नव्हतं.
पायरीमागं दोडक्याचा वेल होता,
अमावास्येला कुंडीच्या काठाशी,
एकादशीला ग्रीलच्या तिसऱ्या गजावर,
आणि एकाही चित्रात तो हलताना सापडेना.
"हा बघ हातचा," म्हणाल्या,
बोट पडद्यावर टेकवून,
वेलावर की स्वतःवर, ते मला दिसलं नाही.

निघताना विचारलं, भिंग पुसून देऊ? कोळी फार झालाय.
राहू दे, म्हणाल्या.
त्याच्यामुळं निनादच्या फोनवर रात्री घंटी वाजते.
मग सकाळी विचारतो,
आई, कोण आलं होतं.