निळी वायर

बस्त्याव डांटस बोटीवरून कायमचा उतरला
तेव्हा सोबत ट्रंक, गिटार आणि हा अँप्लिफायर.
खाऱ्या वाऱ्यानं घसा बसलेला.
अँपचा म्हणतोय, बस्त्यावचा नव्हे.
वेंगुर्ल्यात दाभोली नाक्यावर माझं दुकान:
मिक्सर, टेबलफॅन, भजनी मंडळांचे माईक.
"घाई नाय," म्हणाला. "ऱ्हवांदे तुज्याकडे."

राहिला. तीन रात्री उघडाच राहिला.
पतपेढीच्या कॅलेंडरवरल्या पाठकोऱ्या मार्चवर
एकेक रेघ उतरवून घेतली,
रेझिस्टरचे पट्टे, डागाच्या जागा,
आणि मधूनच आडवी गेलेली एक निळी वायर.
ती कशाला आहे ते कळलं नाही.
कळलं नाही म्हणूनच अगदी नीट काढली.

विचारलं नव्हतं त्याला. हे आधीच सांगतो.

खोकी बापानं केली, सावंतवाडीत, चितारआळीत.
जन्मभर लाकडाची फळं करणारा माणूस.
त्याच्या सीताफळावर एकदा माशी बसली होती,
येईल त्या पाहुण्याला अजून सांगतो.
नावाची पट्टी मात्र मी कुडाळहून आणली,
गाड्यांच्या नंबरप्लेटा करणाऱ्याकडून:
परदेशी नाव, एक अक्षर फिरवलेलं,
लांबून तेच वाटेल इतपत.
बापानं पट्टी बघितली, पालथी ठेवली.
"आमी आंबो करतंव," म्हणाला,
"पण आंबो म्हणान विकनंव नाय."

मी त्याला बाजार समजावला.
पेटीवर देवगड, आतला कुठला, कोण विचारतो?
आणि खऱ्याची किंमत आपल्या पोरांनी
किती जन्म काजू फोडून द्यायची?
हे खोटं नव्हतं. अजूनही वाटत नाही.

पण शिरोड्याचा लवू आरोसकर
खरोखरच दोन हंगाम काजू फोडून आला होता,
बोटांची सालं चिकानं काळी.
नोटा मोजून झाल्यावर एवढंच विचारलं, "खरो मां?"
"खरो," म्हटलं.
त्यानं पट्टीवरून अंगठा फिरवला.

अकरा विकले. बाराव्याला गिऱ्हाईक मिळेना.
घाटावरून प्लास्टिकचे यायला लागले, निम्म्या भावात,
पट्टीवर माझंच फिरवलेलं अक्षर.
त्यातला एक दुरुस्तीला आला. उघडला.
हजारांनी छापलेला बोर्ड,
आणि मधूनच आडवी, निळी वायर.

चोर मेले, म्हटलं. मोठ्यानं म्हटलं.
दुकानात कोणी नव्हतं
तरी मागे वळून बघितलं.

बोर्ड पिशवीत घालून बस्त्यावकडे गेलो.
व्हरांड्यात गरी बांधत होता. कान गेलेत आता.
त्यामुळे सगळं ओरडून कबूल करावं लागलं;
शेजारच्या दोन घरांना आधी कळलं, मग त्याला.
त्यानं बोर्ड उजेडात धरला.
"ही माजी," म्हणाला.
"भर दर्यात ट्रॅक जळलो, रातीचो नाच होतो,
घंटेची वायर कापून मारलंय."

म्हणजे एका रात्रीपुरतं मारलेलं ठिगळ
मी न समजता उतरवलं,
त्यांनी माझ्यावरून,
आणि आता कुठल्या कुठल्या गावांत,
जिथे काही जळलंच नव्हतं,
बोटीवरच्या घंटेची ती वायर
आपली आडवी पडून आहे, इमानानं.

वाटलं हसेल. नाहीतर हात उगारेल.
त्यानं गाठ दातानं ओढली, दोरा तोडला.
"मगे," म्हणाला, "नाव कोणाचा घातलंस?"

खिशात स्क्रू-ड्रायव्हर होता.
शिरोड्याची शेवटची एसटी सव्वासातला.
ती मी चुकवली.
दुसऱ्या दिवशीचीही.