उजवा खांदा

तार्तूच्या इस्पितळात अकरा वर्षं
मी माणसांचे एक्स-रे काढले.
श्वास घ्या. धरा. सोडा.
दिवसभर एवढंच बोलायचे,
आणि लोक आज्ञाधारकपणे सोडायचे काहीबाही,
जे फिल्मवर कधी उमटलं नाही.

आमच्या बेटाला हिवाळ्यात बर्फाचा रस्ता होतो.
समुद्र गोठतो, गाड्या थेट त्यावरून येतात.
त्या फेब्रुवारीत राइगो तसाच निघाला, माझा धाकटा,
रस्ता बंदची पाटी लागायच्या आधी
की लागल्यावर,
यावरून गावात अजून दोन तट आहेत.

मार्चमध्ये माझा खांदा धरला.
वेणी घालता येईना, कोट चढवता येईना.
मीच माझा एक्स-रे काढून घेतला.
स्वच्छ. काचेसारखा.
मग सहा महिने अंगावर काढलं,
आम्हा बेटावरच्या लोकांना तेवढं जमतं.

शेवटी लेइदाच्या सौनात गेले.
ऐंशीची बाई, एक कान कामातून गेलेला.
बर्चच्या ओल्या डहाळ्यांनी पाठ झोडपता झोडपता
तिने विचारलं, सहज, मीठ मागावं तसं,
त्याला निरोप देताना
कुठला हात हलवला होतास?

खांदा काही लगेच सुटला नाही.
खोटं कशाला सांगू.
पण त्या फळकुटावर मी इतकी रडले
की लेइदा म्हणाली, पुरे, दगड विझतील.

तिच्याकडे चार वर्षं राहिले.
लाकडं फोडली, मधमाश्यांना धूर दिला,
माणसाच्या पाठीवर हात ठेवून गप्प बसायला शिकले,
सगळ्यात अवघड तेच.

आणि चुकले.
पोटदुखी घेऊन आहतो आला, घटस्फोट ताजा होता.
मी म्हटलं, हे दुःख आहे, याला वेळ दे.
ते अपेंडिक्स होतं.
रात्री वादळात फेरीबोट, डेकवर तो वाकून,
आणि माझं शहाणपण माझ्याच घशात अडकलेलं.
वाचला. नाताळला अजून वाटाण्याची पिशवी आणून देतो,
कशाला, ते त्यालाच ठाऊक.

तेव्हापासून आधी विचारते,
डॉक्टरांकडे गेला होतास? रक्त तपासलंस?
अख्खा माणूस बघायचा म्हणजे
त्याचं रक्तही आलंच की त्यात.
मग पुढचं विचारते:
झोप कुठल्या कुशीवर लागते?
जेवताना समोर कोण बसतं?
हे बूट कुणाचे, तुझ्या मापाचे नाहीत.

काल फेरीचा मेकॅनिक आला, कारेल.
म्हणाला, गुडघा बघा, बाकीचं माझं मी बघतो.
बरं, म्हटलं. गुडघाच बघितला.
जाताना म्हणाला, वडिलांचे आहेत. बूट.
आणि दारातच उभा राहिला,
आत गार वारा येत असूनही
मी दार लाव म्हटलं नाही.

माझा हात अजून कानापर्यंतच जातो.
जुनिपरच्या मधाची बरणी वरच्या फळीवर असते,
खाली ठेवता आली असती.
पण येणाऱ्यालाच म्हणते,
जरा काढून देतोस का रे?
कारेलने चवड्यांवर उभं राहून काढून दिली,
गुडघा कुरकुरला,
आम्ही दोघांनी ऐकलं.