दाणा

जुबैलच्या शेडमध्ये दिलावर मुकादम
श्वास रोखून डबा उघडतो.
आत राखाडी पीठ, निकेलचं;
चिमटीत धरलं तरी बोटांना पत्ता नसतो.

"दाणा बारीक, म्हणून चिवट," नवख्याला सांगतो,
"आच जास्त झाली तर एकमेकांत शिरून फुगतात,
मग काय, भुसा."

पंपाचा दांडा गरगरतो,
समुद्रानं कुरतडलेला.
ज्वाळेतून पीठ सुटतं, क्षणभरच तापतं,
थरावर थर.
गेज दाखवतो तीनशे मायक्रॉन.
दिलावर तरी नखानं खरवडून बघतो.

रात्री फोनवर दाभोळहून मुलगी:
"अब्बा, कानाच्या पाळीवर काय चमकतंय?"
तो अंगठ्यानं घासतो. निघत नाही.
"राहू दे गो," म्हणतो,
"एवढ्या जागी तरी गंज चढायचा नाही."