चवीपुरतं

बेचाळीस लेयर.
बँकेचं नवं अ‍ॅप, सहाला फाइल जायची,
आणि प्रत्येक नाणं आधीच्याहून दोन फ्रेम उशिरा पडायला हवं,
नाहीतर पोतं ओतल्यासारखं दिसतं.

तीन वर्षांपूर्वी मी हे हातानं करायचे.
एकेक पट्टी धरून सरकवायची, दोन, चार, सहा,
डबा उघडेपर्यंत एकोणीस व्हायच्या
आणि मनगट रात्री उशीवरही सरकवत राहायचं.

मग प्रशील मढवीनं मीठ लिहिलं.
महापेत, चौथ्या मजल्यावर, एसी बंद पडलेल्या एका शनिवारी,
दोनशे ओळींचा प्लगइन.
एक बटण, एक स्लायडर, शून्य ते शंभर,
मुळात चारवर ठेवलेला.
चारच का, विचारलं तर म्हणाला, चवीपुरतं.
त्याच्या आजोबांची मिठागरं होती घणसोलीला खाडीकडे.
आता तिथे सेक्टर आहेत, नंबरांचे.

बटण दाबलं की नाणी आपापल्या वेळेला निघतात,
एक घाईत, एक रेंगाळत,
जेवणाच्या सुट्टीनंतर लिफ्टमधून बाहेर पडणाऱ्या माणसांसारखी.
पाच तासांचं काम अकरा सेकंदांत.

उरलेले पाच तास मला मिळाले नाहीत.
ते कामतांनी शीटवर लिहून घेतले
आणि त्यांत एक सिमेंट, एक खोबरेल तेल बसवलं.

काल रात्रीत सॉफ्टवेअर आपोआप नवं झालं
आणि आज मीठ लागेना.
लाल चौकोन. ओळ एकशेबारा.

प्रशीलनं गेल्या वर्षी नोकरी सोडली.
हळदीच्या एलईडी भिंती करतो,
नवरानवरीची नावं, सोनेरी ठिणग्या, गोठिवलीपासून दिव्यापर्यंत.
फोन लावला. मागे जनरेटर, कुणीतरी बेंजो जुळवत होतं.
काय झाला गो?
सांगितलं.
कंस बदल, म्हणाला, वरची टीप पुसू नको फक्त.

मी ती फाइल कधी उघडलीच नव्हती.
ओळ एकशेअकरा, मराठीत:
इथे राउंड करायचं नाही. सारखं पडलं की मेलेलं दिसतं.
नमुना शर्वाणीच्या जुन्या फाइलमधून घेतलाय, तिच्या सगळ्या चुका मोजून.
सरासरी चार.
तिसऱ्याला ती नेहमी घाई करते.

तिसऱ्याला मी घाई करते.
हे मला आईनं नाही सांगितलं, नवऱ्यानं नाही,
मलाही माहीत नव्हतं.

कंस बदलला. बटण दाबलं.
पहिलं नाणं, दुसरं,
आणि तिसरं, दुसरं टेकायच्या आतच.

किती वेळ लागेल, कामतांनी काचेपलीकडून खूण केली.
दुपारचा दीड.
संध्याकाळ होईल, म्हणाले,
आणि पुन्हा पहिल्या फ्रेमवर गेले.