नमुना

रात्रीची लॅब म्हणजे मोठा फ्रिज.
आत मी, आणि एक सेंट्रिफ्यूज
जो अख्ख्या बांबोळीची रक्तं गरगर फिरवून
पिवळं वर आणतो, लाल तळाला बसवतो.
बारा वर्षं माणसं मला नळीतूनच भेटतात,
जांभळं टोपण, निळं टोपण, पिवळं टोपण,
अंगावर उभ्या रेघांचं लेबल.
चेहरा म्हणून कुणाचा पाहिलेला नाही.

तीन वाजून वीस.
दुमिंग कार्दोज, अठ्ठावन्न, राहणार चिखली.
खाट एकोणीस. न्यूमोनिया, पुढे प्रश्नचिन्ह.
संध्याकाळी सीआरपी नव्वद होता,
आता दोनशे दहा.
एलडीएच सहाशेच्या पार.
आणि लिंफोसाइट,
मानशीचं दार उघडं राहिल्यावर
खाजनात मासे उरतात, तेवढे.

यंत्र चुकतं कधी कधी.
पुन्हा लावला.
तोच आकडा, वर आणखी दोन.

माझं काम आकडा कळवायचं.
माणूस कसा आहे विचारणं त्यात येत नाही,
साहेबांनी एकदा सगळ्यांसमोर सुनावलंही होतं.
तरी विचारलं.
"कोण, दुमिंग?" सिस्टर झेल्मा हसली,
"अगं, काय नमुना आहे!
शेजारच्याला झोपू देत नाही.
झुआरीच्या तोंडाशी बुडी मारून
खडकावरचे शिनाणे काढतो म्हणे,
तीन-तीन मिनिटं वर येत नाही.
दम आहे म्हाताऱ्यात."

दम.
किती राबवतो आपण हा शब्द.
लागतो, कोंडतो, धरावा लागतो,
पोरांना देतो, चढावर खातो,
भातसुद्धा त्याच्यावर मुरवतो.

ज्याला तीस वर्षं
श्वास न घेता खडक चाचपायची सवय,
त्याचं शरीर तक्रार करणार कुणाकडे?
छातीने ओरडायचं असतं
हेच ती विसरली असेल पाण्याखाली.
रक्ताला मात्र फुशारकी जमत नाही.

"ऑक्सिजन?"
"एक्क्याण्णव. बोटं गार आहेत ना, म्हणून दाखवत असेल."
"श्वास मोज, झेल्मा. पूर्ण मिनिट."
"आत्ता?"
"आत्ता."

रिसीव्हर टेबलावर ठेवल्याचा आवाज.
मग पंखा. कुणाचा तरी खोकला.
आणि लांबून तो:
दोर सैल सोडला... होडी वाऱ्यावर... मी खाली...
दर तीन शब्दांनी थांबत होता,
प्रत्येक वेळी वर येऊन
हवा घेऊन
पुन्हा गोष्टीत उडी.

"चौतीस," झेल्मा म्हणाली,
आणि फोन न ठेवताच पळाली.
मी कानाला लावून बसले.
डॉक्टर तन्वेशच्या चपला.
खाटेचं एक चाक कुरकुरतंय, तेल मागतंय.
एक बाई कोंकणीत विचारते,
खंय व्हरतात, खंय व्हरतात ताका?
उत्तर मला ऐकू आलं नाही.

नंतर चार दिवस तो येत राहिला, दर सहा तासांनी.
पत्ता बदललेला: आयसीयू, खाट तीन.
लॅक्टेट चढला. थबकला.
फेरिटिनचं तर काय विचारू नका.
तिसऱ्या रात्री सीआरपी शंभराने उतरला,
मी एकटीच होते, टेबलावर थाप मारली,
नळ्या किणकिणल्या.

पाचव्या रात्री नमुना नाही.
न येण्याचे दोन अर्थ असतात,
स्क्रीन दोन्हींना एकच रिकामी ओळ दाखवते.
फोन उचलला.
खाली ठेवला.

सकाळच्या बसने कुठ्ठाळीला परत.
पुलावरून पाणी तांब्याच्या परातीसारखं.
खाली एक होडी,
होडीत एकजण दोर धरून,
मान वाकवून पाण्याकडे बघत बसलेला.
दुसरा कुठे दिसेना.
मी मोजायला लागले.
कंडक्टर सुटे मागत होता,
बाय, दोन रुपये, बाय,
आणि मी चाळीसवर होते.